एक बोट सैल

माझं नाव कळायच्या आधी चिकपेटमागच्या त्या गल्लीला माझ्या छातीचं माप कळलं. ही कावेरीअक्कांची कृपा.

लग्न होऊन बेळगावहून बंगळूरला आले, त्याला तेव्हा आठवडाही झाला नसेल. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती, नेसायला बऱ्या साड्या होत्या, पोलकी मात्र सगळी आईच्या हातची, ढगळ. घरमालकीणबाई म्हणाल्या, “समोरच्या माडीवर कावेरीअक्का शिवतात. तुमच्यासारख्या मराठीच आहेत. त्यांच्याकडे जा.” मी जिना चढून गेले. खिडकीला लागून पायमशीन, मशीनपाशी चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई, ओठांत तीन-चार टाचण्या धरलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेप माझ्याभोवती फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या,

“अहो, अठ्ठावीस! अय्यो, अठ्ठावीसच!” मग माझ्याकडे वळून, “बेळगावात जेवायला घालत नाहीत की काय गे?”

खालून एक शांत आवाज आला, “अठ्ठावीस. सरी.”

तो त्यांच्या नवऱ्याचा, गोविंदअण्णांचा. माडीच्या बरोबर खाली त्यांचं दोरे-बटणांचं दुकान. गिऱ्हाइकाचं कापड आधी खाली दुकानात ठेवायचं, वर जाऊन माप द्यायचं. अक्का माप ओरडायच्या आणि अण्णा ते खडूने कापडाच्या कोपऱ्यावर लिहायचे. अक्कांना लिहायचा कंटाळा आणि अण्णांना बोलायचा, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. मध्ये गल्लीतल्या बायकांची अब्रू जात असे, ती गोष्ट दोघांच्याही ध्यानात कधी आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घ्यायला उतरले, तेव्हा कोपऱ्यावरची फुलवाली माझ्याकडे बघून कळवळली आणि तिने गजरा वीतभर जास्त दिला. मी आठवडाभर अक्कांशी बोलले नाही. पण पोलकं घालून पाहिलं आणि राग गेला. जन्मात पहिल्यांदा एखादं कापड माझ्यासाठीच विणलंय असं वाटलं.

अक्कांचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून होतं ते त्यांनाही सांगता येत नसे. “शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, त्यांचे अंगरखे शिवायला,” एवढं त्या सांगायच्या, जणू काही स्वतः घोड्यावर बसून आल्या होत्या. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत स्वल्प, सरी, सुम्मने असे कानडी शब्द डाळीत कढीपत्ता असावा तसे सगळीकडे. मी पुण्याच्या पुस्तकांतलं मराठी शिकलेली. सुरुवातीला त्यांच्या बोलण्याला मनात हसायची. त्यांना ते कळायचं. “हस की. तुझं मराठी इस्त्रीचं, माझं अंगावरचं,” म्हणायच्या.

मला त्या टीचरम्मा म्हणत. गल्लीतल्या प्रत्येक माणसाची ओळख त्यांच्या लेखी मापाची होती. “ते बँकेतले? एक खांदा उतरता असलेले?” किंवा “तिची पाठ बघ, नोड, वाकायला लागलीय, घरात काहीतरी चाललंय.” हे बरेचदा खरं निघे आणि बरेचदा साफ चुकीचं. पाठ वाकलेल्या त्या बाईच्या घरात काही चाललेलं नव्हतं, तिला पाठदुखी होती. पण अक्का तिच्या सासूशी महिनाभर भांडल्या.

त्यांचा एक नियम मात्र ब्रह्मवाक्य होता. कुठलंही माप घेताना त्या टेपच्या आत डाव्या हाताचं एक बोट घालायच्या. पोलक्याचा गळा असो, अण्णांच्या शर्टाची कॉलर असो, बोट आत गेलंच पाहिजे. मी एकदा विचारलं, “टेप अंगाला घट्ट लावून मग अर्धा इंच वाढवला तर?” गणिताची बाई ना मी. अक्कांनी टाचण्या ओठांतून काढल्या. फार महत्त्वाचं बोलायचं असलं तरच त्या टाचण्या काढत.

“माणूस श्वास घेतो की नाही? घास गिळतो? सणाला चार घास जास्त खातो? मग? एक बोट सैल पाहिजे. कापडाने माणसाला धरून ठेवायचं, आवळायचं नाही.”

त्या बोटात चांदीची एक जुनी अंगठी असे. बोट आत घालायची त्यांना इतकी सवय झालेली, की आपण ते घालतो हेसुद्धा त्यांना जाणवत नसे.

साठ साल उलटलं आणि अक्का बारीक होऊ लागल्या. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या खात होत्या दोन माणसांचं. माझ्यादेखत रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, खाऊन वर भात आणि परत अर्ध्या तासाने “काही आहे का गे तुझ्याकडे?” म्हणून माझ्या दारात उभ्या. बंगळूरच्या थंडीत मला शाल लागायची आणि यांना घाम. भांडण तर पूर्वीही करायच्या, पण आता भांडता भांडता रडू लागल्या, ते मला खटकलं. अंगठी गळून पडायला लागली, तेव्हा तिच्यावर दोरा गुंडाळून ती बोटात बसवली.

मग हात थरथरायला लागले. गौरी हब्बाच्या सणाआधीचे दिवस, माडीवर कापडांचा ढीग, आणि अक्का सुईत दोरा ओवू शकेनात. एका लग्नाचं जरीचं पोलकं त्यांनी शिवलं. बाही बसवताना शिवण अशी वाकडी गेली की त्यांनी स्वतःच ते डोळ्यांपुढे धरून कितीतरी वेळ पाहिलं. त्यांच्या हातची वाकडी शिवण त्या माडीने कधी पाहिली नव्हती. मी तिथेच होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाल्या, “हे हात माझे नव्हेत गे, टीचरम्मा.”

मला तेव्हा फार भीती वाटली. त्यांच्या हातांखेरीज त्या घरात दुसरी संपत्ती नव्हती, आणि अक्कांना हातांखेरीज दुसरा देव नव्हता.

गळ्यात उजवीकडे लिंबाएवढी एक गाठ त्यांना बरीच वर्षं होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडेच पाहिलं. त्यांनी अक्कांना हात पुढे करायला लावले, पालथ्या पंजांवर एक कोरा कागद ठेवला, आणि तो कागद वाऱ्यात असावा तसा फडफडू लागला. बरोबर गेलेले गोविंदअण्णा ते बघून बाकावरून घसरले. पुढची पंधरा मिनिटं डॉक्टर आणि नर्स अण्णांनाच शुद्धीवर आणत होते. तेव्हापासून इस्पितळात अक्कांसोबत मी जायचं, असं ठरून गेलं.

डॉक्टर म्हैसूरकडचे, बारीक आवाजाचे, फार सभ्य. कानडीत समजावून सांगायचे आणि मध्येच मी शिक्षिका म्हणून माझ्याकडे बघून इंग्रजीत. ही गाठ नको इतकं काम करते, म्हणाले. तिचा रस रक्तात जास्त जातो, त्यानेच हात कापतात, वजन उतरतं, छाती धडधडते. उपाय दोन. एक, कापून काढायची. दुसरा नवा उपाय, किरणं असलेलं आयोडीन प्यायचं. ते जाऊन गाठीतच बसतं आणि तिला आतून थंड करतं. पण त्यासाठी मुंबईला जावं लागेल.

“कापलं तर काय होतं?” अक्कांनी विचारलं.

“बहुतेक काही होत नाही. पण आवाजाची नस तिथूनच जाते. क्वचित तिला इजा होते आणि आवाज बसतो.”

“कायमचा?”

“कधी कधी कायमचा.”

अक्का माझ्याकडे वळल्या. “आवाज गेला तर मापं कशी सांगू ह्यांना? मुंबई.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या म्हैसूर राज्याबाहेर पडल्या. मला शाळा होती, म्हणून बरोबर अण्णाच गेले. परत आल्या त्या मुंबईवर अतिशय नाराज होऊन. “एवढं लांब नेलं, दोन रात्री आगगाडीत काढल्या, आणि शेवटी काय पाजलं म्हणतेस? पाणी! काचेच्या एवढ्याशा पेल्यात एक घोट. ना रंग, ना वास, ना चव. मी विचारलं, झालं? म्हणाले, झालं.” त्याआधी म्हणे गळ्यासमोर एक नळकांडं धरलं होतं आणि ते टकटक वाजत होतं. “माझ्या गळ्यात कुणी टाइप करत बसलाय की काय असं वाटलं.” पण खरा राग नर्सवर. तिने कौतुकाने विचारलं होतं, “तुम्ही मराठी छान बोलता हो, कुठे शिकलात?” अक्कांनी तिला शहाजीराजांपासून सुरू करून सगळं ऐकवलं. नर्स बिचारी निघून गेली, तर तिच्या जागी आलेल्या दुसरीला उरलेलं ऐकवलं.

काही दिवस ताट-वाटी वेगळी ठेवायची, लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, असं मुंबईत सांगितलं होतं. अक्कांनी ते पाळलं, पण गुपचूप पाळणं त्यांच्या स्वभावात कुठलं? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायच्या, “लांबून जा बा! गळ्यात अणुबाँब आहे!” परिणाम असा झाला, की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस कधीच सरले तरी गल्लीतल्या बायका पोरांना त्यांच्या जिन्यावर जाऊ देईनात. अक्का मग चिडल्या. आपणच पसरवलेली अफवा आपणच निस्तरत बसल्या.

औषधाने हळूहळू काम केलं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत काहीच वाटेना आणि अक्कांचं पाण्याबद्दलचं मत पक्कं होत गेलं. मग एके दिवशी शाळेतून येताना हाक आली, “टीचरम्मा, तुझ्या मुलींचा एक पेपर आण.” मी वर गेले. त्यांनी हात पालथे पुढे केले. “ठेव.” मी गणिताचा पेपर त्यांच्या बोटांवर ठेवला. आम्ही दोघी श्वास रोखून पाहत होतो. कागद हलला नाही. रस्त्यावरून घोड्याचा जटका गेला, खिडकी थरथरली, पण कागद नाही हलला. अक्कांनी तो खाली काढून ठेवला, सुई घेतली, दोरा ओवला, एका झटक्यात. मग मशीनवर डोकं ठेवून रडल्या. मीही रडले. त्या पेपरात नापास झालेल्या मुलीला मी त्या दिवशी पाच गुण वाढवून दिले, हे कुणाला सांगायचं कारण नाही.

अंगावर मांस चढलं, घाम थांबला, झोप लागू लागली. अंगठीवरचा दोरा निघाला. अक्कांनी स्वतःच्या पोलक्यांची आतली शिवण उसवून ती सैल करायला घेतली. सगळं पूर्ववत झालं, पण गाठ होती तिथेच राहिली.

हे कुणाला पटेना. जो येईल तो आधी गळ्याकडे बघायचा. “अजून आहे? मग औषध लागू पडलं नाही म्हणा की.” कुणी मल्लेश्वरच्या वैद्याचं नाव सांगायचं, कुणी भस्म आणून द्यायचं. डॉक्टरांनी मात्र आम्हाला नीट सांगितलं होतं. पुन्हा तपासणी करून ते म्हणाले होते, “गिरणी बंद पडली, अक्का. इमारत उभी आहे, एवढंच. पुष्कळांची गाठ अशी राहते. थोडी आकसते, कधी तीही नाही. तिने काम थांबवलं ना, मग राहू दे. फक्त लक्ष ठेवायचं. ठरल्या वेळी मला दाखवायची. मध्येच वाढली, टणक झाली, आवाज बदलला किंवा गिळताना अडकायला लागलं, तर मात्र लगेच यायचं. कारण क्वचित एखाद्या गाठीत दुसरा रोग असू शकतो.”

एवढ्या लांबलचक बोलण्यातले अक्कांनी तीनच शब्द ऐकले असणार. मध्येच वाढली तर.

पुढच्या उन्हाळ्यात गल्ली शांत झाली. मला कळेना काय बदललंय. शाळेला सुट्टी होती, मी दुपारभर घरात असायची आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग एकदा ध्यानात आलं. मापं ऐकू येत नव्हती. बघते तर अक्का माप घेऊन जिना उतरून खाली जात, अण्णांच्या कानाशी लागून हळू सांगत आणि परत जिना चढून येत. गिऱ्हाईक बायका खूश होत्या. उन्हाळ्यात पदर गळ्याभोवती गुंडाळलेला. आणि बाही कापायची जी रीत, तिचा जो काट त्यांनी इतकी वर्षं जिवापाड लपवून ठेवला होता, समोर कुणी असलं तर कात्रीसुद्धा लावायच्या नाहीत, तो त्या शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना बोलावून बोलावून शिकवत होत्या.

मी सरळ वर गेले. “अक्का, काय झालंय?”

“काय होणार? सुम्मने. उगाच.”

“सुम्मने कुणी जिने चढत-उतरत नाही. ओरडत का नाही तुम्ही?”

त्यांनी टाचण्या ओठांतून काढल्या, पिनकुशनला एक एक करून टोचल्या. मग म्हणाल्या, “सवय करून घेते.”

“कसली?”

“न बोलायची.” पदर बाजूला केला. “वाढतेय गे. दर अमावास्येला मोजते. मुंबईहून आले तेव्हा तेरा होता गळा. मग सव्वातेरा. आता चौदा. डॉक्टरांनी सांगितलंय की नाही, वाढली तर दुसरा रोग. मग कापणारच. आवाज जाणारच. ह्यांना आतापासून सवय नको व्हायला?”

त्या लिंबाएवढ्या गाठीकडे बघून मला पहिल्यांदाच वाटलं, ही बाई आता जाणार. मला राग आला, तो मात्र त्यांचाच. इतके महिने एकटीने मोजत बसल्या! गळा वाढतोय हे साऱ्या गल्लीला ओरडून सांगायचं सोडून हेच एक माप त्यांनी पोटात ठेवलं होतं.

“अण्णांना माहीत आहे?”

“त्यांना कशाला? बेशुद्ध पडतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात होतो. वाटेत जटक्यात अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. सरावच चालला होता. बाकावर बसल्यावर मात्र माझा हात धरला. त्यांचा पंजा गरम आणि अगदी स्थिर होता, आणि मला वाटलं, बघा, हात परत मिळाले ते आवाज देऊन. हा कुठला न्याय?

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग ते अक्कांच्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली, पाण्याचा घोट गिळायला सांगितला. गाठ वर गेली, खाली आली. पुन्हा घोट. पुन्हा. बाजूच्या खोलीतून आणखी एका वयस्कर डॉक्टरांना बोलावून त्यांनाही बघायला लावलं. दोघांचं हळू आवाजात काही बोलणं झालं. अक्का समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

“वाढलेली नाही,” डॉक्टर म्हणाले. “मागच्या वेळी होती तेवढीच आहे. उलट स्वल्प मऊ लागतेय.”

“वाढलीय,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, मी सांगतोय ना.”

“डॉक्टर, तुम्ही बोटांनी सांगता, मी टेपने सांगते. तीस वर्षं माणसं मोजतेय. टेप खोटं बोलत नाही.” आणि कनवटीची टेप काढून त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या गळ्याभोवती फिरवली. “हे बघा. चौदा!”

डॉक्टर वाकले. टेप बघितली. मग सावकाश विचारलं, “हे बोट कशाला घातलंय आत?”

“कुठलं बोट?”

“हे. अंगठीवालं.”

अक्कांनी खाली बघितलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. स्वतःच्याच हाताला ‘तू इथे कसा’ असं विचारावं तशी त्यांची मुद्रा झाली होती.

“ते असतंच,” त्या म्हणाल्या. “एक बोट सैल. गळा काय आवळायचा?”

“मुंबईहून आलात तेव्हाही घातलं होतं?”

“घातलंच असेल की.”

“तेव्हा हे बोट केवढं होतं?”

मला दोरा गुंडाळलेली ती अंगठी आठवली. मी ते सांगितलं. डॉक्टरांनी अंगठी हलवून पाहिली. ती आता सांध्यावरून निघत नव्हती.

“बोट काढा आणि मोजा,” ते म्हणाले. अक्कांनी मोजलं. माप खाली आलं, तरी तेरावर काही आलं नाही. अक्कांनी लगेच डोळे वर केले. बघा, मी म्हटलं नव्हतं?

“हो, गळा वाढलाय,” डॉक्टर म्हणाले. “गाठ नाही, गळा. दंडाचं माप घेता का जरा?” मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या नर्सला सांगितलं, “ह्यांना काट्यावर उभं करा.”

वजनाचा काटा बाहेर, बाकांवर बसलेल्या साऱ्या माणसांच्या समोर. नर्स धिप्पाड, आवाज तिचाही खणखणीत. तिने काट्याचं वजन इकडून तिकडे सरकवलं, वाकून पाहिलं आणि तिथूनच डॉक्टरांना ओरडून सांगितलं, “एकशे एकेचाळीस पौंड, सार!”

“आणि मुंबईला जायच्या आधी होतं शहाण्णव,” डॉक्टर आतून म्हणाले. हसत नव्हते, पण बारीक आवाज कापत होता. “अक्का, तुम्ही बऱ्या झालात. लठ्ठ झालात. तेवढंच वाढलंय.”

बाकांवरच्या सगळ्या माना अक्कांकडे वळल्या. एक म्हातारबा कौतुकाने म्हणाले, “एकशे एकेचाळीस!” आणि माझ्या कावेरीअक्का, ज्यांनी सबंध चिकपेटच्या बायकांची मापं खिडकीतून उधळली होती, पदर तोंडावर घेऊन लाजल्या. “हळू बोल की गं बाई,” नर्सला म्हणाल्या, “माणसं आहेत इथे!”

मी हसले, ते थांबूच शकेना. जिन्यावर बसून हसले. अक्का आधी रागावल्या, मग माझ्या शेजारी बसल्या, मग त्याही हसू लागल्या. आणि हसता हसता एकदम म्हणाल्या, “टीचरम्मा, गेल्या महिन्यात सगळ्या पोलक्यांची माया परत उसवली गे मी. दंडाला, काखेला, सगळीकडे. स्वतःच्या हाताने. तेव्हा कसं सुचलं नाही?” माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. सुचणार कसं? दंड वाढला तेव्हा त्या शिंपीण होत्या, आणि गळा मोजायच्या तेव्हा भ्यालेलं माणूस.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, घरी मोजायचं नाही. ठरल्या वेळी इथे येऊन दाखवायची, ते चुकवायचं नाही. टेपला गाठ कळत नाही, बोटांना कळते. अक्का म्हणाल्या, “सरी.” इतक्या मुकाट्याने त्यांनी कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं.

जटका गल्लीच्या तोंडाशी आला, तसं अक्कांनी अर्धं अंग बाहेर काढलं. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज तो! “अहो! आहे तेवढीच आहे! काही वाढलेली नाही!” दुकानात गोविंदअण्णा बटणं निवडत होते. त्यांच्या हातातली डबी पडली, बटणं गल्लीभर गेली. त्यांनी ती उचलली नाहीत. सवयीने खडू घेतला, लिहायला कापड दिसेना, तेव्हा दुकानाच्या फळीवर काहीतरी लिहू लागले आणि मध्येच थांबून डोळे पुसले. इस्पितळात का गेलो होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण बायको जिना उतरून कानात माप सांगू लागली, त्या दिवसापासून त्यांना सारं कळलेलं होतं. गल्लीतली माणसं बटणं गोळा करत होती आणि अण्णा तसेच बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मापं पुन्हा खिडकीतून बाहेर पडू लागली. बायकांनी कपाळाला हात लावला.

गाठ राहिली. अक्का ठरल्या वेळी जाऊन ती दाखवून येत. दोन-तीन वर्षांनी अंगाला सुस्ती यायला लागली, थंडी वाजू लागली, तेव्हा डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी लावून दिली. गिरणी बंद असली की असं होतं म्हणाले. अक्का ती सकाळी देवापुढे घंटा वाजवून झाल्यावर घेत. कुणी गळ्याकडे बघून “अजून आहे?” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “आहे की. जुनी भाडेकरीण. त्रास देत नाही, राहू दे.”

सत्तर साल उजाडायच्या आत माझ्या नवऱ्याची हुबळीला बदली झाली. सामान जटक्यात चढलं. शेजारणींचे निरोप झाले, अक्का मात्र खाली आल्या नाहीत. त्यांच्याकडून आदल्या दिवशी एक पोलकं आलं होतं, निळ्या खणाचं, मी मागितलेलं नसताना. घालून पाहिलं तर ढगळ. अक्कांच्या हातचं आणि ढगळ! मला वाईट वाटलं. वाटलं, डोळे गेले की काय यांचे.

जटका निघाला आणि वर खिडकी उघडली. ओठांत टाचण्या होत्या, त्या त्यांनी एका हाताने काढल्या. उन्हात त्यांचा गळा स्वच्छ दिसत होता. पदर नव्हता. उजवीकडे ती गाठ, लिंबाएवढीच.

“टीचरम्मा! ते निळं सैल होतंय ना?”

“हो, अक्का!”

“माप चुकलेलं नाही! अठ्ठावीस मला पाठ आहे! मुद्दाम सैल शिवलंय!” सारी गल्ली ऐकत होती. खाली अण्णा खडू हातात घेऊन उभे. “तिकडे जाऊन नीट जेव! त्यात मावेनाशी झालीस की मला कळव!”

जटका वळला. त्या अजून ओरडत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, पण खिडकीत त्यांचा हात हलत होता आणि ती गाठ त्यांच्या आवाजाबरोबर वर जात होती, खाली येत होती.